प्रकरण सातवे : एका गाडीचे दोन धनी

१. प्रश्न कोठे उपजतो

“सोमवार ते शनिवार कचेरीला नेणारी आणि एखाद्या रविवारी शर्यतमार्गावर पळणारी गाडी एकच असेल, तर तिला कोणते कॉइलओव्हर बसवावेत?” हा प्रश्न मोटारीचा नाद असलेला माणूस आज ना उद्या विचारतोच, आणि बहुधा एखाद्या नामांकित कारखान्याचे नाव सांगून त्याची बोळवण केली जाते. चष्मा हवा असलेल्या माणसाचे डोळे न तपासता त्याला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता द्यावा, तसाच हा प्रकार होय. कारखाना कोणता हा प्रश्न शेवटचा आहे. त्यापूर्वी चारपाच प्रश्नांचा निकाल गाडीच्या मालकाने स्वतःच लावावयाचा असतो, आणि तो कसा लावावा हे सांगणे एवढाच या प्रकरणाचा हेतू आहे.

हा प्रश्न ज्या भूमीत खऱ्या अर्थाने रुजला, ती म्हणजे जर्मनीतील आयफेलचा डोंगराळ मुलूख. तेथे १९२७ साली खुल्या झालेल्या न्यूरबर्गरिंगचा नोर्डश्लाइफे नावाचा उत्तरेकडील फेरा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा असून, ठरावीक दिवशी व ठरावीक वेळी शुल्क भरून कोणाही नागरिकाला आपली नंबरपाटीची गाडी त्यावर नेता येते. सकाळी जिने मुलांना शाळेत पोहोचवले तीच गाडी सायंकाळी या फेऱ्यावरील चढउतार आणि वळणे झेलते, आणि रात्री पुन्हा आपल्या दारी येऊन उभी राहते. म्हणून रस्ता आणि शर्यतमार्ग या दोन धन्यांची चाकरी एकाच गाडीने कशी करावी, हा तेथे केवळ चर्चेचा विषय नसून नित्याचा व्यवहार आहे.

आपल्याकडे या व्यवहाराचा हिशेब निराळा लागतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील शर्यतमार्ग १९९० पासून चालू असून त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध शर्यतमार्ग २०११ साली तयार झाला व तो ५.१२५ किलोमीटरचा आहे. पुण्याचा एखादा शौकीन आपली गाडी स्वतः चालवीत चेन्नईला गेला आणि तेथे त्याने वीस फेऱ्या मारल्या, तर शर्यतमार्गाचे अंतर ७४ किलोमीटर होते, आणि त्या ७४ किलोमीटरांसाठी जाऊन-येऊन तोडावा लागणारा सार्वजनिक रस्ता दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरतो. हा जमाखर्च मांडल्याशिवाय निवडीला हात घालू नये. कारण गाडी ज्या धन्याकडे अधिक दिवस राबते, त्याचा कौल अधिक वजनाचा मानला पाहिजे.

२. कॉइलओव्हर म्हणजे काय

गाडीचे धूड आणि तिची चाके यांच्यामध्ये दोन निरनिराळ्या स्वभावांचे नोकर उभे असतात. पहिला नोकर स्प्रिंग. तिने भार पेलावयाचा. दुसरा नोकर शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपल्या गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात; त्याने स्प्रिंगेची उसळी आवरावयाची. स्प्रिंग दबताना शक्ती साठवते आणि सुटताना ती परत देते. तिला आवरणारे कोणी नसेल, तर एका खड्ड्यानंतर गाडी चेंडूसारखी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. शॉकअप ती शक्ती तेलात घुसळून तिची उष्णता करून टाकतो.

जुन्या घोडागाडीला या दुसऱ्या नोकराची गरज फारशी भासली नाही. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ साली ज्या लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले, त्या एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या होत्या, आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे उसळी थोडीबहुत आपोआपच जिरत असे. आपल्या ॲम्बॅसडरच्या मागच्या चाकांवर याच कुळातले पाटे होते. गुंडाळीच्या स्प्रिंगेत मात्र असे घर्षण जवळजवळ नसते. म्हणून तिला शॉकअपची जोड अपरिहार्य ठरली, आणि जागेच्या काटकसरीसाठी शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग चढविण्याची रीत पडली. गुंडाळी शॉकअपवर चढवली, की झाला कॉइलओव्हर.

या अर्थाने पाहिले तर कॉइलओव्हर ही काही दुर्मीळ चीज नव्हे. १९८९ साली बाजारात आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीच्या चारही चाकांवर कारखान्यातूनच शॉकअपभोवती स्प्रिंग चढवलेली असे. परंतु शौकिनांच्या बोलीत हा शब्द अधिक नेमक्या वस्तूसाठी वापरला जातो. शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंग टेकलेली असते, आणि कडे वरखाली केल्याने गाडीची उंची बदलता येते. अनेकांना ही उंची बदलण्याची सोय हाच कॉइलओव्हरचा एकमेव गुण वाटतो. तो गुण आहे खरा. पण तो या वस्तूच्या गुणांपैकी सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

३. स्प्रिंग किती कडक असावी

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडलेला नियम असा, की स्प्रिंगेवर जितका भार, तितकी ती दबते. एक मिलिमीटर दाबण्यास चार किलोचा भार लागत असेल, तर दहा मिलिमीटर दाबण्यास चाळीस किलो लागेल. या एक मिलिमीटरमागच्या भारालाच स्प्रिंगेचा कडकपणा म्हणतात आणि जपानी बनावटीच्या संचांवर तो ‘मिलिमीटरला इतके किलो’ असा लिहिलेला असतो.

आता कडक आणि मऊ हे शब्द सापेक्ष आहेत. जी स्प्रिंग छोट्या गाडीला लोखंडासारखी वाटेल, तीच अवजड गाडीखाली उशीसारखी दबेल. म्हणून जाणते लोक कडकपणाऐवजी गाडीच्या आंदोलनांचा विचार करतात, म्हणजे शॉकअप काढून टाकला तर गाडीचे धूड एका सेकंदात किती वेळा वरखाली होईल तो आकडा पाहतात. सामान्य घरगुती गाडीत तो एक ते दीडच्या दरम्यान असतो. चपळ क्रीडागाडीत दीड ते दोन. आणि निव्वळ शर्यतमार्गासाठी सजवलेल्या, पण वेगात वरून येणाऱ्या हवेच्या दाबावर विसंबून नसलेल्या गाडीत दोन ते अडीच. झोपाळ्याचे उदाहरण घ्या : लांब कड्यांचा झोपाळा संथ झुलतो व त्यावर डोळा लागतो, आखूड दोरीचा झोपाळा भरभर हिसके देतो.

हा आकडा काढण्याची एक सोपी युक्ती आहे. गाडीच्या स्वतःच्या वजनाने चाकापाशी स्प्रिंग किती मिलिमीटर दबते, एवढे कळले की पुरते : सुमारे २५० मिलिमीटर दबत असेल तर सेकंदाला एक आंदोलन, ११० दबत असेल तर दीड, ६२ दबत असेल तर दोन, आणि ४० दबत असेल तर अडीच. हिशेब ढोबळ आहे, पण खरेदीच्या कामाला पुरेसा आहे.

समजा, चालकासह गाडीचे वजन १२०० किलो आहे व ते चारही चाकांवर सारखे वाटलेले आहे. म्हणजे एका चाकावर ३०० किलो. त्यातील चाक, टायर, ब्रेक वगैरे जे सामान स्प्रिंगेच्या खालच्या बाजूस असते, त्याचे ४० किलो वजा करा. उरले २६० किलो. सेकंदाला दोन आंदोलने हवी असतील तर २६० ला ६२ ने भागा. उत्तर येते जवळजवळ ४.२, म्हणजे चाकापाशी मिलिमीटरला ४.२ किलो कडकपणा हवा. दीड आंदोलने हवी असतील, तर २६० ला ११० ने भागून २.४ पुरतो. महिन्यातून एकदा शर्यतमार्गावर जाणाऱ्या आणि बाकीचे दिवस शहरात काढणाऱ्या गाडीची योग्य जागा या दोन उत्तरांच्या मध्ये कोठेतरी असते.

४. कॅटलॉगातला आकडा का फसवतो

वरील हिशेबात ‘चाकापाशी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बिजागरीच्या जवळ हात लावून दार ढकलून पाहा. कडेला बोटाने सरकणारे तेच दार तेथे दोन हातांनीही कुरकुरत हलते. गाडीत स्प्रिंग चाकाच्या अगदी डोक्यावर नसून बहुधा चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या मध्यावर कोठेतरी टेकलेली असते. चाक दहा मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग कदाचित सातच मिलिमीटर दबते. या ०.७ च्या प्रमाणाचा परिणाम दोनदा होतो, कारण हालचालही घटते आणि बळही घटते. म्हणून त्याचा वर्ग, म्हणजे ०.४९, घ्यावा लागतो. चाकापाशी ४.२ हवे असतील, तर प्रत्यक्ष स्प्रिंग ४.२ भागिले ०.४९, म्हणजे सुमारे ८.६ ची लागेल.

उलट, मॅकफर्सन स्ट्रट या आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या बाजूस असलेल्या रचनेत स्प्रिंग चाकाच्या जवळजवळ वरच उभी असते. तेथे हे प्रमाण ०.९५ च्या आसपास, व त्याचा वर्ग ०.९ इतका येतो. म्हणून तेवढ्याच परिणामासाठी ४.७ ची स्प्रिंग पुरते. एकाने अभिमानाने सांगावे की माझ्या गाडीत आठ किलोची स्प्रिंग आहे, आणि दुसऱ्याने चार किलोच्या आपल्या स्प्रिंगेबद्दल खंत करावी, यात कित्येकदा चाकापाशी दोघांच्याही गाड्या जवळजवळ सारख्याच कडक असतात. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे.

५. खरे मोल शॉकअपचे

स्प्रिंग ही पोलादाची गुंडाळी. ती बरी करणे फारसे कठीण नाही, आणि मागाहून बदलणेही स्वस्तात होते. संचाच्या किमतीतील व गुणातील मोठा फरक असतो तो शॉकअपच्या पोटात.

काकवीच्या भांड्यातून पळी हळू ओढली तर ती सहज येते; झटका दिला तर काकवी तिला धरून ठेवते. शॉकअपचे तत्त्व हेच आहे. त्यातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांतून वाट काढते, आणि दट्ट्याचा वेग जितका अधिक तितका विरोध अधिक होतो. येथे वेग म्हणजे गाडीचा वेग नव्हे, दट्ट्याचा वेग. ताशी दीडशे किलोमीटरने लांब वळण घेताना गाडी हळूहळू एका कुशीवर कलते, तेव्हा दट्ट्या संथ असतो. आणि ताशी वीस किलोमीटरने खड्ड्यात चाक आदळते, तेव्हा तोच दट्ट्या वेगाने झेपावतो. चांगल्या शॉकअपची परीक्षा नेमकी येथे होते. संथ हालचालीला त्याने ठाम विरोध केला पाहिजे, म्हणजे वळणावर गाडी तोलात राहते. आणि अचानक धक्क्याला त्याने वाट दिली पाहिजे, म्हणजे खड्डा कण्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या शॉकअपला हा विवेक नसतो, तो दोन्ही वेळी सारखाच अडून बसतो, आणि लोक दोष स्प्रिंगेला देतात.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. शर्यतमार्गावर अर्धा तास शॉकअप सतत राबतो, तेल तापून पातळ होते, आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळले तर दट्ट्याला तेलाऐवजी फेस लागतो. सोड्याच्या बाटलीचे बूच घट्ट असते तोवर पाणी स्वच्छ दिसते आणि बूच उघडताच फसफसते, हे आपण पाहिले आहे. म्हणजे दाब कायम ठेवला तर फेस होत नाही. याच तत्त्वावर फ्रेंच संशोधक ख्रिस्तियाँ बूर्सिये द कार्बों याने एकनळी शॉकअप घडवला, आणि जर्मनीच्या बिल्स्टाइन कारखान्याने १९५७ साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी तो मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला. यात तेलाच्या मागे एका सरकत्या पडद्याआड नत्रवायू सामान्यतः हवेच्या दाबाच्या वीस ते तीस पट दाबाने कोंडलेला असतो. नळी एकेरी असल्यामुळे तिची उष्णता थेट बाहेरच्या हवेला मिळते. दुनळी शॉकअपमध्ये आतल्या नळीभोवती तेलाची आणखी एक नळी असते. तो स्वस्त पडतो, मऊ चालतो, आणि बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी बहुधा काम देत राहतो. ज्याचा शर्यतमार्ग वर्षातून एकदोनदाच घडतो, त्याने चांगल्या दुनळीला कमी लेखू नये.

६. उंची उतरवण्याचा मोह

गाडी खाली बसवली की ती देखणी दिसते आणि तिचा गुरुत्वमध्यही खाली येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु या सौंदर्याची किंमत चाकाच्या प्रवासातून वसूल होते. चाकाला वर जाण्यासाठी जी जागा असते, तिच्या शेवटी रबराचा अथवा फोमचा एक ठोकळा बसवलेला असतो. चाक तेथवर पोहोचले की पुढचा धक्का तोच ठोकळा खातो आणि गाडी एकाएकी दगडासारखी कडक होते.

समजा, मूळ गाडीत ठोकळ्यापर्यंत ७० मिलिमीटर जागा आहे, आणि मालकाने ती ४० मिलिमीटरने उतरवली. उरले ३० मिलिमीटर. वळणावर बाहेरच्या चाकावर १३० किलोचा जादा भार आला, आणि चाकापाशी कडकपणा दोन किलोचाच असला, तर चाकाला ६५ मिलिमीटर वर जावयाचे आहे. ते निम्म्या वाटेतच ठोकळ्यावर आपटेल, त्या चाकाची पकड झटक्यात सुटेल, आणि चालकाला वाटेल की टायरने दगा दिला. कडकपणा ४.२ असता तर ३१ मिलिमीटर लागले असते, म्हणजे तरीही जागा किंचित अपुरीच. केवळ गाडी उतरवणाऱ्या स्वस्त मऊ स्प्रिंगा शर्यतमार्गावर निकामी का ठरतात, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. रस्त्यासाठी व शर्यतमार्गासाठी मिळून पंधरा ते पंचवीस मिलिमीटर उतरवणे हे बहुतेक गाड्यांना मानवते. त्याखाली जाणाऱ्याने आपल्या गल्लीतील गतिरोधकाशी आधी सल्लामसलत करावी.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास केला पाहिजे. कडे आवळून स्प्रिंग दाबली म्हणजे ती कडक होते, असे अनेक मिस्त्रीही सांगतात. साध्या स्प्रिंगेच्या बाबतीत ते खरे नाही. गाडीचा भार तोच असल्यामुळे स्प्रिंग तितकीच दबते. फरक एवढाच, की गाडी वर उचलली जाते. जिना चढून गच्चीवर ठेवलेला तराजू वजन जास्त दाखवीत नाही. काही संचांत उंचीसाठी कड्याशिवाय शॉकअपचा तळचा भागही आट्यांवर लांब-आखूड करता येतो. त्यामुळे गाडी उतरवताना शॉकअपच्या आतला प्रवास खर्ची पडत नाही. ही सोय असलेला संच अधिक पसंत करावा. मात्र चाकाच्या कमानीतली आणि टायरभोवतीची जागा कोणत्याही आट्याने वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

७. कळा किती असाव्यात

शॉकअपवर फिरवावयाच्या कळा किती, यावरून संचांची प्रतवारी लागते. जर्मनीच्या केडब्ल्यू कारखान्याने आपल्या मालाचे जे पहिले, दुसरे व तिसरे रूप ठरवले आहे, त्यावरून ही प्रतवारी सहज समजते. पहिल्यात फक्त उंची बदलते आणि शॉकअपचा विरोध कारखान्यात ठरलेला असतो. दुसऱ्यात सुटतानाचा विरोध बदलता येतो. तिसऱ्यात सुटतानाचा व दबतानाचा, असे दोन्ही विरोध वेगवेगळे बदलता येतात. स्वीडनच्या केंट ओलिन यांनी १९७६ साली स्थापन केलेला, आणि प्रथम मोटारसायकलींच्या शर्यतीत नाव मिळवलेला ओलिन्स कारखाना रस्ता आणि शर्यतमार्ग यांसाठीच्या आपल्या संचाला एकच कळ ठेवतो, आणि बाकीचा विवेक झडपेकडे सोपवतो.

कळा अधिक म्हणजे संच अधिक चांगला, असा अर्थ कोणी काढू नये. तंबोऱ्याला चारच तारा असतात, पण त्या जुळवायला कान लागतो. दोन कळांना प्रत्येकी बारा टप्पे असतील तर एकाच चाकाच्या मांडणीचे १४४ प्रकार होतात, आणि वही न ठेवणारा माणूस त्या जंगलात पहिल्याच दिवशी हरवतो. सुटतानाचा विरोध हौसेने फार वाढवला, तर लागोपाठच्या खाचखळग्यांत स्प्रिंगेला पूर्ववत होण्यास फुरसत मिळत नाही; गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी खाली खेचली जाते, आणि अखेरीस ठोकळ्यावर बसते. म्हणून नवशिक्याने एका कळेचा, किंवा कळच नसलेला पण स्प्रिंगेशी नीट जुळवलेला संच घ्यावा. तीस टप्पे असलेल्या स्वस्त संचात पहिल्या पंधरा टप्प्यांनी काहीच बदलत नाही आणि चार शॉकअप चार तऱ्हांनी वागतात, असा अनुभव विरळा नाही.

८. चौरंगाचे चार पाय

पूजेच्या चौरंगाचा एक पाय जरासा आखूड असला, की तो डुगडुगतो आणि भार दोन समोरासमोरच्या पायांवर जातो. कॉइलओव्हरच्या चार कड्यांनी मालकाच्या हाती चौरंगाचे चारही पाय येतात, आणि तेथेच बिघाड करण्याचा अधिकारही येतो.

एक उदाहरण घेऊ. चार चाकांखाली चार काटे ठेवले असता पुढचे डावे ३३०, पुढचे उजवे ३१०, मागचे डावे २९० व मागचे उजवे २७० किलो भरले. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ६००, म्हणजे एकूण १२०० च्या बरोबर निम्मे. गाडी तोलात आहे. आता कोणी पट्टीने कमानीची उंची मोजत एक कडे फिरवले, आणि काट्यांनी ३४५, २९५, २७५ व २८५ असे आकडे दाखवले. पुढच्या बाजूची बेरीज तीच ६४०, डाव्या बाजूची तीच ६२०. परंतु त्या तिरक्या जोडीवर आता ६३० किलो, म्हणजे साडेबावन्न टक्के आहेत. अशी गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्या. डोळ्यांना ती सरळ दिसते. खोटेपणा फक्त काट्याला कळतो. म्हणून संच बसवण्याच्या खर्चात चार काट्यांवरचे वजन आणि नंतरची चाकांची अलाइनमेंट हे दोन जिन्नस धरलेच पाहिजेत. ते ज्या गॅरेजात होत नाही, तेथे उंची बदलणारा संच बसवू नये.

वरच्या टोकाच्या आधाराचाही विचार याच वेळी व्हावा. मूळचा रबरी आधार आवाज गिळतो, पण किंचित हलतो; गोल बेअरिंगचा धातूचा आधार चाकाचा कोन तंतोतंत धरतो, पण प्रत्येक खडा कानात सांगतो. रोजच्या गाडीला रबर बरे.

९. कायदा, पाऊस आणि मीठ

निरनिराळ्या देशांनी या हौसेला निरनिराळा लगाम घातला आहे. जर्मनीत अशा संचाबरोबर तांत्रिक तपासणीचा दाखला येतो, आणि बसवल्यावर मान्यताप्राप्त संस्थेकडून गाडी तपासून घ्यावी लागते. जपानमध्ये गाडीच्या मुदतीच्या तपासणीत जमिनीपासून नऊ सेंटिमीटरांची उंची राखलेली असावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमात नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडक लावला आहे. म्हणून खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दिलेली कैफियत कोणी ऐकून घेत नाही.

हवामानाचा अंमल कायद्याहून कमी नाही. युरोपातील हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते आट्यांना गंज चढवते. केडब्ल्यूने नळीसाठी गंजरोधक पोलाद वापरण्याचे कारण हेच. आपल्या कोकणात मीठ समुद्राच्या हवेतूनच येते, आणि चार महिने चिखल आट्यांत भरतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांवर संरक्षक लेप द्यावा, दट्ट्यावरचे रबरी आवरण फाटले असल्यास बदलावे. एकदा कडे गंजून बसले, की उंची बदलणारा संच न बदलणारा होतो.

१०. निवडीचा क्रम

सारांश, क्रम असा असावा. प्रथम टायर, ब्रेकचे तेल व पॅड, आणि झिजलेले रबरी बुश यांचा बंदोबस्त करावा. झिजलेल्या बुशावर नवा कॉइलओव्हर बसवणे म्हणजे हलत्या दाराला नवे कुलूप लावणे. मग आपल्या वर्षाचे दिवस वहीत मांडावे : रस्त्याचे किती, शर्यतमार्गाचे किती. त्यावरून आंदोलनांचा आकडा ठरवावा, त्यावरून आपल्या गाडीच्या रचनेप्रमाणे स्प्रिंग काढावी, आणि त्या स्प्रिंगेला आवरू शकेल असा शॉकअप शोधावा. दोन संचांत निवड अडली, तर ज्याचा शॉकअप आपल्या देशात उघडून दुरुस्त करता येतो तो घ्यावा. कारण सील फुटणे हा शॉकअपचा कधी ना कधी ठरलेलाच अंत आहे. कारखान्याचे नाव येथवर आल्यावर आपोआप दोनतीनांवर येते.

संच बसल्यावर एक छोटा प्रयोग अवश्य करावा. दट्ट्याच्या दांडीला, नळीला टेकून, प्लॅस्टिकची बारीक पट्टी सैलसर बांधावी आणि एक दिवस रस्त्यावर, एक दिवस शर्यतमार्गावर गाडी चालवावी. शॉकअप दबेल तशी नळी त्या पट्टीला पुढे सारते, आणि प्रवास कोठवर झाला ते पट्टी तेथेच थांबून सांगते. पट्टी दोन्ही दिवशी ठोकळ्यापासून थोडी अलीकडे राहिली, तर निवड बरोबर आहे. ती ठोकळ्यात घुसली, तर गाडी वर उचलावी किंवा स्प्रिंग वाढवावी. ती मध्यावरही पोहोचली नाही, तर आपण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घेतली आहे. पैसे कडकपणासाठी मोजावयाचे नसतात. चाकाला मिळणारा प्रवास आणि त्यावरचा ताबा, एवढीच या खरेदीतील खरी वस्तू आहे, आणि तिचा अखेरचा दाखला कॅटलॉग देत नाही, ती दोन पैशांची पट्टी देते.